आमची कागदं आठ वर्षं टिकायला हवीत, सॉफ्टवेअर आलंय दीड वर्षापूर्वी

चार महिने रोज वापरलं, आता लिहिते. रेकॉर्ड सांभाळायचं सॉफ्टवेअर आहे, पुण्यातल्या सहा जणांच्या नवीन कंपनीचं, बाजारात येऊन जेमतेम दीड वर्ष झालंय आणि आम्ही त्यांच्या पहिल्या वीसेक गिऱ्हाइकांतले. नाव मुद्दाम देत नाही, कारण मी जे दोष सांगणार आहे त्यातले निम्मे हे लिहीपर्यंतच दुरुस्त झालेत, बाकीचेही होतील, पण लिहिलेलं तसंच राहतं आणि दोन वर्षांनी कोणीतरी वाचून म्हणतं की ते सॉफ्टवेअर वाईट आहे. मला ते नकोय, पोरं मनापासून काम करतात. मला सांगायचंय ते हे की असलं नवीन, अजून पक्कं न झालेलं सॉफ्टवेअर धंद्यासाठी घ्यायचं असेल तर पैसे भरायच्या आधी काय काय करून बघायचं. आम्ही शोधत होतो तेव्हा जे रिव्ह्यू वाचले त्यात नुसती फीचरची यादी होती, मोबाईल ॲप आहे, सर्च आहे, डॅशबोर्ड आहे, पण माझे प्रश्न वेगळेच होते.

आमची कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत छोटी फौंड्री, म्हणजे धातू वितळवून पार्ट ओतायचा कारखाना, आणि तिला लागून मशीन शॉप, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, ८५ माणसं. मी १७ वर्षं इथे आहे, अकाउंट्सचं रेकॉर्ड आणि क्वालिटीची कागदपत्रं दोन्ही माझ्याकडे. म्हणजे खरेदीची बिलं, जीएसटी, पीएफ, हजेरीचे रजिस्टर हे एकीकडे आणि दुसरीकडे प्रत्येक हीटचा (म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा) स्पेक्ट्रो रिपोर्ट, म्हणजे धातूत काय किती आहे ते, हार्डनेस, मायक्रो (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी), डिस्पॅचच्या आधीच्या तपासणीचा पीडीआय रिपोर्ट, कच्च्या मालाच्या टीसी (टेस्ट सर्टिफिकेट), प्रत्येक पार्टची पीपीएपी फाईल, म्हणजे पार्ट उत्पादनात घ्यायच्या आधी गिऱ्हाइकाची मंजुरी घ्यायला लागणारी सगळी कागदं. एका पार्टची पीपीएपी फाईल कधीकधी चार बोटं जाड असते. असे आमच्याकडे ११२ पार्ट चालू आहेत. कल्पना येईल.

ह्या सगळ्याची धास्ती मला २०१९ पासून आहे. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती (तिथली धोक्याची पातळी ४३ आहे), शिरोलीजवळ हायवेच बंद झाला, कारखान्यात पाणी आलं नाही पण आमचं जुनं रेकॉर्ड शाहूपुरीतल्या जुन्या ऑफिसच्या तळमजल्यावर होतं. पाणी ओसरल्यावर कुलूप काढून आत गेले तर खालचे तीन रॅक म्हणजे चिखलाची एकच ढेप. आम्ही पंधरा दिवस घरी, गच्चीवर, दोऱ्या बांधून कागदं वाळवली. बॉलपेनचं टिकलं, इंकजेटच्या प्रिंट धुऊन गेल्या, आर्ट पेपरची पानं एकमेकांना अशी चिकटली की सुटताना अक्षरंच निघून आली. त्यातली चार वर्षांची व्हाउचर कायद्याने अजून ठेवायची होती. नंतर एका तपासणीत ती मागितली गेली आणि पुराचा पंचनामा दाखवावा लागला. पुन्हा तसं नको म्हणून मी मालकांच्या मागे लागले होते, त्यांनी सहा वर्षांनी हो म्हटलं.

आता मुद्द्याचं. ह्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात आधी मी बघितलं ते कागद आत कसा जातो हे नाही, बाहेर कसा येतो हे. कारण साधं गणित आहे. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि त्याची व्हाउचर मागची ८ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. जीएसटीचं रेकॉर्ड त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, म्हणजे २०२१-२२ ची मुदत ३१ डिसेंबर २०२२ होती तर ती बिलं ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत हलवायची नाहीत. आणि पीपीएपीचं तर वेगळंच, आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं क्वालिटीचं स्टँडर्ड म्हणतं की तो पार्ट जोपर्यंत उत्पादनात आहे आणि त्याचे स्पेअर द्यायचे आहेत तोपर्यंत आणि त्याच्यापुढे एक कॅलेंडर वर्ष. ट्रॅक्टरचा एक ब्रॅकेट आम्ही २०१४ पासून ओततोय, अजून बंद व्हायचं चिन्ह नाही. म्हणजे माझ्या कागदांचं आयुष्य ह्या कंपनीच्या आत्तापर्यंतच्या आयुष्याच्या पाच-सात पट आहे. ती पोरं उद्या दुसऱ्या धंद्यात गेली, कोणी मोठ्याने त्यांना विकत घेतलं आणि प्रॉडक्ट बंद केलं, तर मी कुठं जाऊ?

डेमोला जो मुलगा आला होता त्याला मी हे विचारलं तर तो म्हणाला, "नाही मॅडम, आमच्याकडे फंडिंग आहे, आम्ही बंद नाही होणार." मी म्हटलं बाळा, ते खरं असेल, पण मला ॲग्रीमेंटमध्ये लिहून पाहिजे. त्याने फाउंडरला फोन लावून दिला. फाउंडरने दोन दिवसांनी कलम घालून पाठवलं: बंद करायचं झालं तर ९० दिवस आधी लेखी कळवणार, त्यानंतरही ६० दिवस नुसतं बघायला आणि उतरवून घ्यायला चालू ठेवणार, सगळा डेटा इंडेक्ससकट देणार, त्याचे वेगळे पैसे नाहीत. हे कलम त्यांच्या नेहमीच्या ॲग्रीमेंटमध्ये नव्हतं. मागितलं म्हणून मिळालं. तेव्हा मागा.

पण कलम असून भागत नाही, प्रत्यक्षात निघतंय का ते बघायला लागतं. ट्रायलच्या पहिल्याच आठवड्यात मी २०० फाईल टाकल्या आणि लगेच सगळ्या एक्सपोर्ट केल्या. आला तो झिप उघडला तर आत २०० पीडीएफ, नावं म्हणजे बत्तीस अक्षरांचे कसलेतरी आकडे, कुठली फाईल कशाची काही कळेना. सोबत एक जेसन फाईल होती, प्रोग्रॅमला वाचता येईल अशी, त्यात सगळी माहिती होती असं ते म्हणाले, असेल, पण मी ती उघडून काय वाचणार? मी सांगितलं की मूळ नावानं फाईल पाहिजे, मूळ फोल्डरमध्ये पाहिजे आणि एक्सेलमध्ये उघडेल अशी यादी पाहिजे. तीन आठवड्यांनी दिलं. मग मराठी नावं असलेल्या फाईलींची नावं विंडोजवर चौकोन चौकोन दिसायला लागली आणि यादी एक्सेलमध्ये उघडली की देवनागरीचा नुसता कचरा. पुन्हा कळवलं, ते चार दिवसांत झालं. आता नीट येतं. मागच्या महिन्यात ११,४०० फाईल उतरवल्या, ३८ जीबी, रात्रभर चाललं, त्यातल्या मनाला येतील तशा ५० उचलून यादीशी ताडून बघितल्या, पन्नासच्या पन्नास बरोबर. एकच अजून राहिलंय, एखाद्या फाईलच्या जुन्या आवृत्त्या एक्सपोर्टमध्ये येत नाहीत, फक्त शेवटची येते. ड्रॉइंग बदललं की कंट्रोल प्लॅन (पार्ट बनवताना काय, कसं तपासायचं त्याचा तक्ता) बदलतो, आणि जुन्या हीटला कुठला कंट्रोल प्लॅन लागू होता हे विचारलं जातं, म्हणून आम्हाला जुन्या आवृत्त्या लागतात. त्यांनी लिहून घेतलंय.

सगळ्यात भीती वाटली ती दुसऱ्या आठवड्यात. रिटेन्शन म्हणून एक सेटिंग आहे, म्हणजे कुठल्या प्रकारचा कागद किती वर्षं ठेवायचा ते एकदा सांगायचं, मुदत संपली की ते स्वतः काढून टाकतं. ऐकायला चांगलं आहे. मी २०१४ च्या त्या ब्रॅकेटची पीपीएपी फाईल स्कॅन करून टाकली, प्रकार निवडला "क्वालिटी", आणि बाजूला बारीक अक्षरात आलं की ही फाईल २०२८ ला डिलीट होईल. क्वालिटीला त्यांनी आधीपासून ३ वर्षं घालून ठेवली होती आणि मोजणी चालू होती फाईल अपलोड केल्याच्या तारखेपासून, आणि आपोआप डिलीट हे चालूच होतं, आपण बंद केल्याशिवाय बंद नाही, पंधरा दिवस आधी एक मेल येणार तोही फक्त ॲडमिनला, म्हणजे मी बाळंतपणाच्या रजेवर असते किंवा नोकरी सोडून गेलेली असते तर कोणाला पत्ताच लागला नसता आणि गिऱ्हाइकाच्या ऑडिटला फाईल उघडायला गेल्यावर कळलं असतं की ती नाही. मी त्याच दिवशी फोन केला, खरं तर चिडूनच केला. फाउंडरने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, आम्ही ऑफिसच्या कागदांचा विचार केला होता, पार्टचा नाही केला." हे मला आवडलं, सबबी सांगितल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्या गिऱ्हाइकांसाठी आपोआप डिलीट बंद करून टाकलं, आता मुदत संपली की यादी येते आणि दोन माणसांनी मंजूर केल्याशिवाय काही जात नाही. आर्थिक वर्षापासून मोजायची सोय सहा आठवड्यांनी आली. पण "पार्ट बंद झाल्यापासून एक वर्ष" असं घटनेला बांधून मोजायचं अजून येत नाही, तोपर्यंत आम्ही पीपीएपीला मुदतच घातलेली नाही, म्हणजे ती कायम राहणार. तुमच्याकडे असले कागद असतील तर हाच प्रश्न आधी विचारा, मोजणी कुठल्या दिवसापासून?

ह्याच्याच जोडीला दुसरं. एखादं प्रकरण चालू असेल, म्हणजे नोटीस आली, अपील चाललंय, तर जीएसटीत त्या संबंधीचं रेकॉर्ड निकाल लागल्यानंतर एक वर्ष किंवा ते ७२ महिने, जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायचं असतं. म्हणजे त्या फाईलींना कोणी हात लावू नये असं कुलूप लागतं. कुलूप त्यांच्याकडे आहे, पण एकेका फाईलला. आमच्या एका जुन्या प्रकरणाच्या ३४० फाईल आहेत, मी एक दुपार क्लिक करत बसले. फोल्डरला लावायची सोय व्हायला हवी, सांगितलंय.

आता चांगलं काय ते सांगते, कारण एवढं वाचून वाटेल की मी घेतलं कशाला.

बॉक्स फाईलचं लेबल. हे मला कुठेच दिसलं नव्हतं. आपण कागद स्कॅन केला तरी मूळ कागद काही लगेच फेकत नाही, एमआयडीसीचं लीज डीड, स्टॅम्प पेपरवरची ॲग्रीमेंट, सहीची टीसी हे मूळच ठेवायचं असतं. तर हे सॉफ्टवेअर प्रत्येक बॉक्स फाईलसाठी क्यूआर कोडचं स्टिकर छापून देतं, रॅकलाही स्टिकर, बॉक्स रॅकवर ठेवताना मोबाईलने दोन्ही स्कॅन करायचे की झालं. नंतर स्क्रीनवर फाईल उघडली की बाजूला लिहून येतं, मूळ प्रत रॅक क, कप्पा ३, बॉक्स ४१. कोणी बॉक्स नेला तर कोणी नेला, कधी नेला. आमचे स्टोअरमधले तात्या, वय ५८, कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, त्यांना हे पहिल्या दिवशी जमलं. म्हणाले, "ताई, हे गोडाऊनच्या मालालाबी लावा की." कागद आणि स्क्रीन दोन्ही एकत्र चालतात हे मान्य करून बनवलंय, आपल्याकडच्या कारखान्यांना हेच लागतं, एकदम पेपरलेस कोणीच होत नाही.

दुसरं म्हणजे प्रत्येक फाईलला ते आत येतानाच हॅश काढून ठेवतात, शा-२५६ म्हणतात त्याला, म्हणजे फाईलीतला एक टिंब जरी नंतर बदलला तरी तो आकडा जुळत नाही. आधी मला वाटलं हे कॉम्प्युटरवाल्यांचं काहीतरी आहे, आपल्याला काय करायचंय. पण १ जुलै २०२४ पासून जो भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला त्याच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड कोर्टात द्यायचं तर जे सर्टिफिकेट जोडायचं त्याच्या नमुन्यातच हॅश व्हॅल्यू लिहायची जागा आहे. आमच्या वकिलांनी मला दाखवलं. तर हे तयारच मिळतं. एवढ्याशा कंपनीने हा विचार केलाय हे बघून माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला, खरंच.

शोधायचं कसं आहे? ह्याची परीक्षा आपोआप झाली. ऑगस्टमध्ये एका गिऱ्हाइकाकडून कंप्लेंट आली, शेतावर ब्रॅकेट तुटला, कास्टिंगवरचा हीट नंबर फोटोत दिसत होता, तीन वर्षांपूर्वीची हीट. आधी असं काही आलं की मी आणि क्यूसीतली मुलगी दोन दिवस गठ्ठे उलटायचो, मेल्ट लॉगची वही, मग त्या दिवसाचा स्पेक्ट्रो, मग कुठल्या चलनाने माल गेला. या वेळी हीट नंबर टाकला आणि स्पेक्ट्रो, हार्डनेस, मायक्रोचा फोटो, पीडीआय आणि चलन असं सगळं समोर. दहा मिनिटांत मेल गेला. पण एक गोष्ट आली नाही, मेल्ट लॉग. का तर स्कॅन वाचताना त्याने हीट नंबरातल्या बी चा ८ केला होता. भट्टीजवळची वही, काळी बोटं, घामाचे डाग, माणसालाही चष्मा लावून बघावं लागतं, तेव्हा मी त्याला फार दोष देत नाही. पण ह्याचा अर्थ असा की हीट नंबरसारखी गोष्ट मशीनच्या वाचनावर सोडायची नाही, हाताने टाईप करून टाकायची. आम्ही आता तशीच टाकतो, एका हीटला वीस सेकंद जातात.

मराठीचं सांगायचं तर छापील मराठी बऱ्यापैकी वाचतं, ग्रामपंचायतीचा दाखला, कामगारांच्या नोटिसा वगैरे, जोडाक्षरात चुका होतात पण शोधायला पुरतं. हाताने लिहिलेलं मराठी अजिबात नाही. त्यांनी डेमोमध्ये "सर्व भारतीय भाषा" असं म्हटलं होतं, ते शब्द त्यांनी काढायला हवेत. सुपरवायझरचे शिफ्टचे शेरे आमच्याकडे सगळे हातानेच आणि मराठीतच असतात.

स्कॅनिंगची मेहनत कोणी सांगत नाही ती सांगते. सॉफ्टवेअर महिन्याच्या पैशात येतं पण जुनं रेकॉर्ड आत घालायला माणूस लागतो. पिना काढा, दुमडलेले कोपरे सरळ करा, ३०० डीपीआयला स्कॅन करा, तिरकं आलं तर परत. आम्ही एक अप्रेंटिस मुलगी तीन महिने फक्त ह्यावर बसवली तेव्हा ते ११,४०० झाले, अजून निम्मंसुद्धा नाही. आणि वजनकाट्याच्या पावत्या, पेट्रोल पंपाच्या पावत्या हे थर्मल कागदावरचं सगळ्यात आधी करा. माझ्याकडच्या २०२१ च्या कितीतरी पावत्या कोऱ्या झाल्यात, पाण्याने नाही, नुसत्या कपाटात बसून. स्कॅन ठेवताना पीडीएफ-ए ह्या प्रकारात ठेवतात, तो टिकाऊ ठेवणीसाठीच केलेला प्रकार आहे, फाँट वगैरे सगळं फाईलीच्या आतच असतं, म्हणजे दहा वर्षांनी दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्येही तसंच दिसेल. हे तुम्ही विचारून घ्या, काही जण स्वतःच्याच कुठल्यातरी प्रकारात साठवतात आणि मग आपण अडकतो.

परवानग्यांचा एक मोठा घोळ होता. नवीन फोल्डर केला की तो आपोआप कंपनीतल्या सगळ्यांना दिसायचा. मी एचआरचा फोल्डर केला, त्यात कामगारांची आधारची झेरॉक्स, बँकेचं पासबुक, एकदोघांचे दवाखान्याचे कागद, आणि दुसऱ्या दिवशी डिस्पॅचचा मुलगा सहज म्हणाला की ताई मला माझं आधार दिसलं तिथं. माझ्या पोटात गोळा आला. ती कागदं लोक आपल्यावर विश्वासाने देतात, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानेही ती जबाबदारी आपलीच, सॉफ्टवेअरवाल्यावर ढकलता येत नाही. आता नवीन फोल्डर फक्त करणाऱ्याला दिसतो, बाकीच्यांना आपण द्यायचं. हे सुरुवातीपासूनच असं असायला हवं होतं. ह्या बाबतीत मी त्यांना सवलत देणार नाही, नवीन कंपनी असली तरी.

कोणी काय उघडलं, बदललं, काढलं ह्याची नोंद मात्र नीट आहे. मी स्वतः ॲडमिन म्हणून ती नोंद पुसायचा प्रयत्न करून बघितला, पुसता येत नाही. छान.

बॅकअपचं मी असं केलं. विचारलं सर्व्हर कुठं, तर मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये. कंपनीची हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर आणि २०२२ च्या दुरुस्तीपासून तो रोजच्या रोज हवा, म्हणून हे विचारायलाच लागतं. रोज बॅकअप घेतो म्हणाले. मी म्हटलं ठीक आहे, मग मागच्या मंगळवारची ही एक फाईल मला बॅकअपमधून काढून द्या. दोन दिवस लागले. नंतर कबूल केलं की बॅकअप रोज होत होता पण परत काढायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती, पायऱ्या लिहून ठेवलेल्या नव्हत्या. सप्टेंबरमध्ये मी परत तेच मागितलं, चाळीस मिनिटांत मिळालं.

किंमत युजरमागे महिन्याला ४५० रुपये, आमचे पाच युजर, म्हणजे वर्षाचे २७,००० आणि १८ टक्के जीएसटी धरून ३१,८६०. ह्यात १०० जीबी जागा. मालकांचं म्हणणं होतं की साध्या शेअर फोल्डरमध्ये काय वाईट आहे, फुकट आहे. शेअर फोल्डरमध्ये आम्ही तीन वर्षं ठेवत होतो, तिथं "फायनल", "फायनल २", "फायनल नवीन" अशा फाईली होतात आणि कोणी चुकून ओढून दुसरीकडे टाकली तर कळत नाही, हे त्यांना मी प्रत्यक्ष दाखवलं. माझ्या भाच्याने घरच्या जुन्या पीसीवर पेपरलेस-एनजीएक्स हे असंच कागद सांभाळायचं सॉफ्टवेअर लावून दाखवलं होतं, ते खरंच चांगलं आहे, फुकट आहे, मराठीही वाचतं, ज्यांच्याकडे आयटीचा माणूस आहे त्यांनी आधी ते बघावं. आमच्याकडे नाही, भाचा पुढच्या वर्षी बंगळुरूला जाईल, मग ते बिघडलं तर मी कोणाला बोलावू.

सपोर्ट म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात दोन्ही फाउंडर. रात्री साडेदहाला पण उत्तर येतं. आत्ता हे सुख आहे, पण गिऱ्हाइकं दोनशे झाली की हे असं राहणार नाही हे त्यांनाही माहितीये, म्हणून मी त्यांना प्रत्येक गोष्ट मेलवर लिहायला लावते, तारखेसकट. ग्रुपवरचं बोलणं वाहून जातं.

पावसाळ्यात नेट गेलं की काहीच चालत नाही, हेही लिहून ठेवते. ऑडिटरसमोर नेट गेलं तर काय? आम्ही त्या दिवशीच्या लागणाऱ्या फाईली आदल्या रात्री लॅपटॉपवर उतरवून ठेवतो.

तर आम्ही एक वर्षासाठी घेतलंय, तीन वर्षांचं घेतलं तर वीस टक्के सूट होती ती नको म्हटलं. अकाउंट्स आणि क्वालिटी एवढंच आत, एचआर अजून कपाटातच आहे, कुलपात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी सगळं एक्सपोर्ट करून दोन हार्ड डिस्कवर घेते, एक कारखान्यात, दुसरी मालकांच्या घरी दुसऱ्या मजल्यावर. जूनला मुदत संपते. तोपर्यंत जुन्या आवृत्त्यांचा एक्सपोर्ट आणि पार्ट बंद झाल्यापासून मोजायची मुदत ह्या दोन गोष्टी त्यांनी दिल्या तर पाचाचे आठ युजर करायचे, असं मालकांशी बोलून ठेवलंय आणि त्यांना मेलवर कळवलंय.